खोड न सांगता दिलेला अल्टरनेटर

माझ्या मेव्हण्याने मला फसवलं. बायकोच्या सख्ख्या धाकट्या भावाने. ज्या गाडीतून त्याची बहीण डायलिसिसला नगरला जाते, त्या गाडीत त्याने मोडीतला अल्टरनेटर रंग मारून नवा म्हणून बसवला. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कुणावर चिडलोय हे वाचणाऱ्याला शेवटापर्यंत शोधत बसायला नको.

मी जनावरांचा व्यापारी. दुसऱ्याचे बैल बाजारात चालवत नेण्यापासून सुरुवात केली, आता घोडेगावच्या बाजारात माझी स्वतःची दावण असते. बाप गेला तेव्हा मागे काही ठेवलं नव्हतं, सासऱ्याने काही दिलं नाही, मी मागितलंही नाही. जे आहे ते तोंडाच्या आणि बोटांच्या जोरावर. बोटांच्या म्हणतो, कारण आमच्याकडे भाव तोंडाने होत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. माझी बोटं धरली की समोरच्याला घाम फुटतो, असं बाजारात म्हणतात. ते खोटं नाही.

पण त्या रुमालाला एक रीत आहे. रुमाल टाकायच्या आधी विकणाऱ्याने जनावराची खोड सांगायची. मारका असेल तर मारका, औताला बसकण मारत असेल तर तसं, म्हैस एका सडाने अधू असेल तर तेही. खोड सांगितल्यावर घेणारा भाव कितीही पाडो, तो त्याचा हक्क. खोड लपवून दिलं तर घेणारा दुसऱ्या बाजारी जनावर परत आणून तुझ्या दावणीला बांधतो आणि चार लोक तुझ्या तोंडावर थुंकतात. मी आयुष्यात पुष्कळांना भावात रडवलं असेल. खोड लपवून जनावर विकलं नाही.

बायकोच्या किडन्या गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी नगरला मशीनवर न्यावं लागतं. पाट्यांवर आता अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडात नगरच. आमचं गाव तिसगावच्या पलीकडे; नगरला जाताना आधी तिसगाव, मग करंजी आणि तिथला घाट लागतो. एसटीने तिला झेपत नाही, विशेषतः मंगळवारी. शुक्रवार ते मंगळवार मधे अंतर जास्त पडतं, तोवर अंगात पाणी साठतं, पाय फुगतात, पाण्याने छातीवर चढाई केली की आडवं पडता येत नाही. ती बसून झोपते. म्हणून मी गॅसवर चालणारी एक जुनी गाडी घेतली. ती गाडी म्हणजे तिचं निम्मं औषध, हे सगळ्या भावकीला माहीत आहे. मेव्हण्याला तर आहेच.

मेव्हण्याचं तिसगावला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बॅटऱ्या, वायरिंग, सेल्फ, डायनामो. अल्टरनेटरला आमच्याकडे अजून सगळे डायनामोच म्हणतात. थंडीत माझ्या गाडीतून किरकिर यायला लागली. त्याने बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाला, "दाजी, डायनामोचं बेरिंग गेलंय. आतून बी जळालाय. बदलावा लागंल."

"नवा?"

"नवाच टाकू की. आक्का बसती त्या गाडीत."

हे त्याचे शब्द. मी ते विसरलेलो नाही.

त्याने फडताळातून एक अल्टरनेटर काढून काउंटरवर ठेवला. चांदीसारखा चकाकत होता. मी भाव विचारला, त्याने सांगितला, मी हसलो. खिशातून रुमाल काढला आणि त्याच्या हातावर टाकला. तो म्हणाला, "आवो दाजी, ह्यो काय बैल हाय का?" पण हात त्याने दिला. रुमालाखाली मी दाबत गेलो, तो कण्हत गेला, शेवटी म्हणाला, "घ्या. घरातल्या मानसाशी काय भांडायचं." मी खूश झालो. बैलवाले म्हाताऱ्या बैलाची शिंगं साळून तेल लावून बाजारात आणतात, ते मी दहा हात लांबून ओळखतो. काउंटरवरची ती चांदी मला ओळखता आली नाही. मेव्हणा होता म्हणून पाहिली नाही, असंच म्हणेन.

बसवून झाल्यावर त्याने गाडी चालू केली आणि चालू गाडीतच बॅटरीची वायर खसकन उपसून दाखवली. इंजिन चालूच राहिलं. "बघा, बॅटरीबिगर पळतीय. असला डायनामो हाय." बाजारात बैल दुडक्या चालीने पळवून दाखवतात तसं. मी मान डोलावली.

अल्टरनेटर काय करतो हे तेव्हा मला नीट माहीत नव्हतं. आता माहीत आहे, नको तेवढं. बॅटरी गाडी फक्त सुरू करून देते. पुढे ठिणगी, दिवे, पंखा, भोंगा, सगळ्याला लागणारी वीज अल्टरनेटर करतो आणि वर बॅटरीत भरही घालतो. इंजिन पट्ट्याने त्याला फिरवतं, आत तारांच्या वेटोळ्यांमध्ये लोहचुंबक फिरतं आणि वीज निघते. ती वीज पुढेमागे हेलकावे खाणारी असते, तिला एका दिशेने लावायला डायोड असतात आणि ती जास्त होऊ नये म्हणून आवरणारा रेग्युलेटर असतो. हा गडी थकला की गाडी लगेच थांबत नाही. ती बॅटरीतलं साठवलेलं खात चालत राहते. तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. आत नुसता खर्च चाललेला असतो, भर काही नाही.

बायकोला हे नंतर मी समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी माझ्यासारखंच की. दिसायला चालतीय."

तो मंगळवार उन्हाळ्यातला. शनिवार-रविवार नातलगांकडे लग्नं, घरात पाहुणे, तिच्या पोटात थोडं पाणी जास्त गेलं होतं. रात्रभर ती उशीला टेकून बसलेली. सकाळी निघालो तेव्हा तिला वाक्य एका दमात पुरं करता येत नव्हतं. मी पंखा पूर्ण वेगावर केला आणि त्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.

तिसगाव मागे पडलं आणि मला जाणवलं की पंख्याचा आवाज उतरतोय. भोंगा दिला तर तो घसा बसल्यासारखा वाजला. वळताना इंडिकेटर दाबला, टिक-टिक संथ झाली होती. मी समोर बॅटरीच्या लाल दिव्याकडे पाहिलं. दिवा बंद. आता कुणालाही माहीत असतं की बॅटरीचं काही बिघडलं तर तो दिवा लागतो. दिवा बंद म्हणजे तिथे सगळं ठीक. मग गॅसचंच काहीतरी असणार, असा मी हिशेब केला आणि करंजीला गाडी बाजूला घेऊन, बंद करून, गॅसची नळी तपासायला उतरलो. गाडी बंद केली, तिथेच मेलो. परत किल्ली फिरवली तर नुसतं कट-कट. दोघांना हाताशी धरून ढकलली, तेव्हा कशीबशी पेटली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काय न्हाई. गॅसमधी कचरा हाय."

मी मेव्हण्याला फोन लावला. त्याने पहिल्यांदा विचारलं ते हे: "लाल दिवा लागलाय का?"

"न्हाई लागला."

पलीकडे तो जरा थांबला. मग म्हणाला, "मग जाईल की नगरपत्तुर. जाऊ द्या तशीच. पंखा-बिंखा बंद ठेवा फकस्त."

तो थांबला होता, ते मला पुढे पुष्कळ दिवसांनी आठवलं.

पंखा बंद ठेवा. बाहेर ऊन तापायला लागलेलं, काचा खाली केल्या तरी आत भट्टीचा वारा. तिच्या कपाळावरचा घाम तिच्या डोळ्यांत उतरत होता आणि ती तोंड उघडं ठेवून, खांदे वर उचलून श्वास ओढत होती. मी पंख्याच्या बटणाला हात लावला आणि तसाच ठेवला. पंखा बंद केला तर हिला कसं होईल? चालू ठेवला आणि गाडी घाटात थांबली तर? माझं सगळं आयुष्य हे देऊन ते घेण्यात गेलं, इथे दोन्ही बाजूंना तीच होती. शेवटी तिनेच माझा हात बाजूला केला आणि बटण फिरवलं.

"पंखा नगं," ती म्हणाली. मग दम घेऊन, "गाडी चालू ऱ्हाऊ द्या."

घाटाच्या चढाला गाडी आचके द्यायला लागली. मी एक्सलेटर दाबतोय, गाडी पुढे उडी मारतेय, पुन्हा पडतेय. समोरचे काटे एकेक करून खाली बसले. एका वळणावर ती पूर्ण थांबली. मी गाडी उतारावर मागे जाऊ दिली आणि रिव्हर्समध्ये क्लच सोडून पाहिला. गाडीने एक झटका दिला आणि गप्प. बॅटरी इतकी रिकामी झाल्यावर उतार काही करू शकत नाही, हेही मला मागून कळलं. चाकांना दगड लावले आणि रस्त्यावर उभा राहिलो.

घाटाच्या वळणावर कोण थांबतं? ट्रकवाले हात करून पुढे जात होते, कारवाले काच वर करत होते. मी शिव्या घातल्या. मग हात जोडले. मी कुणापुढे हात जोडणारा माणूस नाही. एका गाडीच्या पुढे आडवा झालो तर त्याने वळसा घालून मलाच शिवी हासडली. गाडीत तिने दार उघडून पाय बाहेर सोडले होते आणि दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ती श्वास घेत होती. प्रत्येक श्वासाला आतून कढ आल्यासारखा आवाज. मी तिच्याजवळ गेलो की ती रस्त्याकडे बोट दाखवायची: इथे उभे राहू नका, गाडी बघा.

शेवटी कलिंगडं भरलेला एक पिकअप थांबला. ड्रायव्हरने पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिला पुढे घेतलं. मागे मी कलिंगडांवर पालथा पडून केबिनच्या जाळीतून तिचं डोकं पाहत राहिलो. डोकं हलत होतं तोवर ठीक.

पोचलो तेव्हा मशीनवरचा तिचा नंबर गेला होता. त्यात दवाखान्याची चूक नाही. मशीन मोजकी, आम्ही आलो नाही म्हणून पुढच्या पेशंटला लावलेलं. त्यांनी तिला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, आणि थांबा म्हणाले. मी नर्सताईंशी भाव करायला लागलो. दुसरा शब्द नाही त्याला. "ताई, ह्यांना अर्धा तास काढा, तिला लावा, मग परत ह्यांना लावा. तुम्ही म्हणाल ते करतो." मशीनवरच्या माणसाची बायको शेजारी बसली होती. तिने नवऱ्याच्या सुई टोचलेल्या हाताच्या वर आपला हात आडवा ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी मागे सरलो. माझ्या खिशातल्या रुमालाने मी तोंड पुसलं, आणखी काही करता येत नव्हतं.

तिला मशीन मिळेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. ती वाचली. त्यानंतर काही दिवस तिथेच ठेवून घेतली. पण त्या दुपारपासून तिच्या हृदयाला जो धक्का बसला तो बसलाच, डॉक्टर तसं स्पष्ट म्हणाले. आधी ती अंगणातल्या नळापर्यंत चालत जायची. आता मधे खुर्ची ठेवली आहे.

गाडी ओढून आणली आणि नगरच्याच एका इलेक्ट्रिशियनकडे दाखवली. हा चढ्या आवाजाचा, आपल्या अकलेची स्वतःच तारीफ करणारा गडी. त्याने बॉनेट उघडायच्या आधी मला आत बसवलं.

"किल्ली फिरवा. गाडी चालू नका करू. लाल दिवा लागला का?"

"नाही."

"आधी लागायचा?"

"आधी... लागत असेल. हल्ली कधीच नाही. म्हणून तर मी समजत होतो की बॅटरी ठीक आहे."

"आनंदच हुता म्हना की तुमाला!" तो हसला. "आवो काका, किल्ली फिरवली की त्यो लागलाच पायजे आन गाडी चालू झाली की इझला पायजे. जो कधीच लागत न्हाई त्यो दिवा आंधळा हाय. त्याच्यावर इसवास ठिवून तुमी घाट चढला?"

मग त्याने अल्टरनेटर काढला आणि पान्याने त्याच्या अंगावर एक ओरखडा ओढला. चांदीखालून काळं, तेलकट, जळकं लोखंड निघालं. उघडून दाखवला: आतल्या गुंडाळीवरचं जुनं वार्निश जळून कोळसा झालेलं, डायोड दोन मेलेले. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून पळवून दाखवल्याचं मी सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. जुन्या डायनामोच्या काळातली ती रीत, आताच्या अल्टरनेटरचे डायोड तेवढ्यानेही उडतात. त्याने पुढे वायरिंग चाचपलं आणि एकाएकी त्याचं हसणं थांबलं.

"हे बघा," तो हळू म्हणाला.

लाल दिव्याकडे जाणारी बारीक वायर अल्टरनेटरमधून काढलेली होती. तुटलेली नाही, काढलेली. टोकाला काळी टेप व्यवस्थित गुंडाळून, मोठ्या वायरच्या जुडग्यामागे खोचून, बांधून ठेवलेली. "ही आपोआप अशी हुत न्हाई," तो म्हणाला. "कुनीतरी दिवा लागू नये म्हनून केलंय. आन ही काढली की डायनामो कधी वीज धरतो, कधी धरतच न्हाई."

मारक्या बैलाला बाजाराच्या सकाळी दारू पाजून आणतात. उभा राहतो, गरीब दिसतो. घरी नेल्यावर माणूस शिंगावर घेतो. मला एवढंच सुचलं.

पुढच्या शुक्रवारी नगरला जाताना मी तिसगावला दुकानासमोर गाडी उभी केली. नवा अल्टरनेटर दुसरीकडून घातलेला होता, तरी इंजिन बंद केलं नाही. ती गाडीतच बसलेली. मी जुना अल्टरनेटर पिशवीतून काढून काउंटरवर आदळला.

"या दाजी. आक्का बरी हाय का? च्या सांगू?"

"हे काय हाय?"

त्याने ओरखड्याकडे पाहिलं. "डायनामो."

"नवा हुता ना?"

"त्या भावात नवा कुठं येतो दाजी? तुमी सगळ्या बाजाराचं दात मोजता, तुमाला म्हाईत न्हाई व्हय? रुमाल तुमी टाकला. मी न्हाई."

"रुमालाआधी खोड सांगायची असती. जुना हाय म्हनायचं हुतंस. मी नव्याचं पुरं दाम टाकलं असतं."

"तुमी? पुरं दाम?" तो हसला. आतल्या बाकावर बसलेलं गिऱ्हाईकही हसलं.

मी म्हणालो, "बरं. भावाचं सोड. दिव्याची वायर कुनी काढली?"

हसणं थांबलं. तो काउंटरवरचे नटबोल्ट उगाच वेगळे करायला लागला. "त्यो बारीक बारीक लागत हुता सारखा," तो खाली बघत म्हणाला. "तुमी रोज येऊन डोकं खाल्लं असतं. तुमचा सोभाव म्हाईत न्हाई का मला? म्हनलं, चालतंय तवर चालू द्यावं."

मी काउंटरवरून त्याची कॉलर धरली. तेवढ्यात बाहेर आमच्या गाडीचा भोंगा वाजला. नवा, खणखणीत. तिने दाबून धरला होता. मी सोडला त्याला.

गाडीत बसलो तर ती म्हणाली, "काय म्हनला?"

"काय न्हाई."

"मला सगळं ऐकू आलं," ती म्हणाली. "माझ्या किडन्या गेल्यात, कान न्हाई." मग करंजीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. करंजीला म्हणाली, "भाऊबीजेला त्यो येईल. मी ओवाळनार. तुमी तोंडातनं एक सबुद काढायचा न्हाई. माझी आन हाय."

तिची शपथ मी मोडणार नाही. तोंडातून शब्द काढणार नाही, म्हणून लिहितो आहे.

आता मी दर वेळी निघताना किल्ली अर्धी फिरवतो आणि लाल दिवा लागला की मगच श्वास सोडतो. चालू केल्यावर तो विझला की बॉनेट उघडून मीटर लावतो. चौदा व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. दिवे, पंखा सगळं लावून पुन्हा बघतो, फार उतरायला नको. पट्टा अंगठ्याने दाबून बघतो, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतो. बाजारातले हसतात, इतकी निगा दावणीच्या बैलांची ठेवत नाही म्हणतात. हसू देत.

पण एक गोष्ट मला दुरुस्त करता आलेली नाही. करंजी सुटली आणि घाट दिसायला लागला की तिचा हात आपोआप पंख्याच्या बटणाकडे जातो आणि पंखा बंद करतो. ऊन असो, अंगात पाणी भरलेलं असो. मी सांगतो, "आगं नवा हाय, मीटर बघितलंय मी, लाव." ती म्हणते, "ऱ्हाऊ द्या." आणि तोंड उघडं ठेवून, खांदे उचलून घाट चढते. दर मंगळवारी. दर शुक्रवारी.

मी भाव पाडला, ते मी कुठेही सांगेन, तो माझा धंदा आहे. त्याबद्दल मला काही विचारायचं नाही. मेव्हण्या, तू दिवाळीत आमच्या घरी येशील, पाटावर बसशील, ती खुर्चीचा आधार घेत उठेल आणि दम टाकत तुला ओवाळेल. त्याआधी मला उत्तर दे, माझ्या एकट्याच्या तोंडावर नको, बाजारात चार लोकांत दे: त्या वायरला टेप गुंडाळताना त्या गाडीत कोण बसणार हे तुझ्या डोक्यात होतं की नव्हतं?